इमाम गझाली आणि अखलाकची तालीम

इराणच्या खुरासान प्रांतात तूस नावाचे एक जुने शहर होते. आजच्या मशहद शहराच्या जवळच त्याचे अवशेष आहेत. शाहनामा लिहिणारा महाकवी फिर्दौसी हा तूसचाच. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, इ. स. १०५८ मध्ये (हिजरी ४५०), त्याच तूसमध्ये एका गरीब माणसाच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव मुहम्मद. पुढे सारे जग त्याला इमाम गझाली म्हणून ओळखू लागले.

त्यांच्या वडिलांची हकीकत जुन्या चरित्रकारांनी सांगितली आहे. आपल्या समाजातील पालकांनी ती लक्ष देऊन वाचावी अशी आहे. हे गृहस्थ लोकर कातून विकत आणि त्यावर संसार चालवीत. स्वतःला लिहिता येत नव्हते. सवड मिळाली की आलिमांच्या बैठकीत जाऊन बसत, ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी येई आणि अल्लाहपाशी एकच मागणे मागत, की मला असा मुलगा दे. मुहम्मद व अहमद ही दोन मुले लहान असतानाच त्यांचा अंत जवळ आला. तेव्हा त्यांनी गाठीला होते ते थोडे पैसे एका सूफी मित्राच्या हवाली केले आणि त्याला विनविले की, अक्षरओळख न झाल्याची खंत मला जन्मभर राहिली. माझे जे हुकले ते माझ्या मुलांना मिळू दे, त्यापायी हे सर्व पैसे संपले तरी चालतील.

मित्राने शब्द पाळला. पैसे संपेपर्यंत मुलांना शिकविले. संपल्यावर काही आडपडदा न ठेवता मुलांना सांगितले की, तुमच्या वडिलांचे होते ते सर्व तुमच्यावर खर्च झाले, मी स्वतः फकीर माणूस आहे, आता तुम्ही एखाद्या मदरशात दाखल व्हा, तेथे विद्यार्थ्यांना जेवण मिळते. अशा रीतीने ही दोन पोरकी मुले मदरशात गेली. मोठेपणी गझाली ही गोष्ट लपवीत नसत. आपण इल्मच्या दारात गेलो ते भाकरीसाठी, अल्लाहसाठी नव्हे, पण इल्मने आपल्याला भाकरीपाशी थांबू दिले नाही, अशा आशयाचे ते सांगत. आज वसतिगृहात राहून किंवा शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला कोणी हिणवीत असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावे. इतका मोठा इमाम खानावळीच्या आशेनेच मदरशात शिरला होता.

विद्यार्थीदशेतील आणखी एक प्रसंग प्रसिद्ध आहे. जुर्जान येथे शिकून गझाली तूसला परतत होते. वाटेत लुटारूंनी काफिला लुटला. गझालींच्या जवळ एक पिशवी होती, तिच्यात गुरूंकडून उतरवून घेतलेली टिपणे होती. ते लुटारूंच्या मागे धावले. जिवाची पर्वा न करता सरदाराला विनवू लागले की, एवढे कागद परत दे, तुम्हाला त्यांचा काही उपयोग नाही, माझी सर्व विद्या त्यांत आहे. सरदार हसला. पिशवी गेल्याने जी विद्या जाते ती कसली विद्या, असे म्हणून त्याने पिशवी परत केली. गझालींनी ते बोलणे एका दरोडेखोराचे म्हणून झटकून टाकले नाही. अल्लाहने याच्या तोंडून मला शिकविले असे मानून त्यांनी पुढील तीन वर्षे ती सारी टिपणे तोंडपाठ करण्यात घालविली. कोण बोलतो याकडे न पाहता काय बोलतो हे ऐकणे, हा गुण त्यांच्यात तेव्हापासूनच होता असे दिसते. पुढे मात्र काही काळ तो झाकोळला गेला. तो कसा, तेच आता पाहावयाचे आहे.

नैशापूर येथे इमामुल हरमैन अल्-जुवैनी या त्या काळच्या सर्वांत मोठ्या उस्तादांकडे गझाली शिकले. बुद्धी अशी तीक्ष्ण की वादविवादात समोर कोणी टिकेना. इ. स. १०८५ मध्ये उस्ताद वारले. मग गझाली सल्जूक सुलतानाचा प्रख्यात वजीर निजामुल्मुल्क याच्या छावणीत दाखल झाले. तेथे विद्वानांचा जणू आखाडाच भरत असे. गझालींनी सर्वांना जिंकले आणि १०९१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. त्या काळी इस्लामी जगात याहून मोठी जागा नव्हती. तीनशे विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानाला बसत. खलीफा त्यांचा सल्ला घेई. बगदादेत आले तेव्हा त्यांचा पोशाख आणि वाहन यांची किंमत लोकांनी पाचशे दीनार केली होती असे सांगतात. गरिबाच्या पोराने आणखी काय मिळवावयाचे?

पण या यशाची एक बाजू थोरांच्या चरित्रात सहसा लिहिली जात नाही, ती येथे लिहिलीच पाहिजे. नैशापूरचे एक विद्वान अब्दुल गाफिर फारसी हे गझालींना प्रत्यक्ष ओळखत. त्यांनी लिहून ठेवले आहे की, तरुणपणी गझालींचा स्वभाव रुक्ष होता. ते लोकांकडे तुच्छतेने पाहत, आणि अल्लाहने दिलेली वाणी, बुद्धी, मान व दर्जा यांचा त्यांना फार गर्व होता. हे एखाद्या शत्रूने लिहिले नाही, चाहत्याने लिहिले आहे. हुशार मुलांच्या ठिकाणी हा रोग आपण रोज पाहतो. मुलगा पहिला आला की घरचे त्याच्यापुढे बोलायला बिचकतात, आणि तोही धाकट्या भावंडांना मूर्ख म्हणू लागतो.

मग १०९५ चा उन्हाळा आला. त्याआधी १०९२ मध्ये निजामुल्मुल्कचा खून झाला होता आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत सुलतान मलिकशाहही वारला होता. ज्यांच्या मेहेरबानीवर सर्व डोलारा उभा होता ते दोघेही गेले. पण गझालींनी आपल्या आत्मचरित्रात कारण म्हणून राजकारण पुढे केलेले नाही. ते सांगतात की, मी शिकवितो कशासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आणि उत्तर आले, की अल्लाहसाठी नव्हे, नावासाठी. सकाळी ठरवावे की बगदाद सोडू, संध्याकाळी मन पालटावे. असे जवळजवळ सहा महिने चालले. एक दिवस विद्यार्थ्यांसमोर बसले आणि तोंडातून शब्द फुटेना. जीभ जणू बांधली गेली. अन्न घशाखाली उतरेना, घोटभर पाणी पचेना. हकिमांनी हात टेकले. हा रोग मनातून शरीरात उतरला आहे, मनाचा भार हलका झाल्याखेरीज औषध लागू पडणार नाही, असे त्यांचे निदान होते.

ज्या जिभेने सर्वांना हरविले तीच बंद पडली. काही अभ्यासक आजही म्हणतात की त्यांना राजकीय मारेकऱ्यांची धास्ती वाटत असावी. तसे बगदादचे लोकही तेव्हा नाना तर्क करीतच होते. माणूस मोठी जागा आपण होऊन सोडतो हे लोकांना पटणे कठीण. आपल्याला मात्र त्यांच्या पुढील सोळा वर्षांच्या वागण्यावरून निवाडा करता येतो, आणि तो त्यांच्या बाजूने पडतो असे आमचे मत आहे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हजला जातो असे सांगून त्यांनी बगदाद सोडले. मुलाबाळांच्या उदरनिर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली. मदरशातील जागेवर धाकटा भाऊ अहमद शिकवू लागला. स्वतः गझाली दमास्कसला गेले. उमय्या मशिदीच्या मनोऱ्यात दार लावून दिवस दिवस एकान्तात बसत. तेथून ते बैतुल मुकद्दसला गेले. हेब्रॉन येथे हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन गोष्टींची शपथ घेतली: कोणत्याही सुलतानाच्या दरबारी जाणार नाही, त्याचा पैसा घेणार नाही, आणि कोणाशी वादाच्या आखाड्यात उतरणार नाही. पहिल्या दोन शपथा पुष्कळांनी घेतल्या असतील. तिसरी शपथ वाद जिंकण्यातच हयात गेलेल्या माणसाने घ्यावी, याला फार बळ लागते. त्यानंतर त्यांनी हज केला.

दमास्कसमधील एक आख्यायिका सांगतात. गझाली फाटक्या वेषात एका मदरशात शिरले. तेथील उस्ताद विद्यार्थ्यांना शिकविताना गझालींच्या नावाचा हवाला देत होते. कोपऱ्यात बसलेला फकीर कोण, हे कोणाला ठाऊक नव्हते. आपले नाव ऐकून आपल्या मनाला गोड वाटते आहे असे ध्यानात येताच ते उठले आणि त्यांनी ते शहर सोडले. गोष्ट घडली असेल वा नसेल. पण ती ज्या माणसाविषयी सांगितली जाते तो कसा होता हे तिच्यावरून कळते.

याच वर्षांत त्यांनी इह्याउ उलूमिद्दीन हा महान ग्रंथ रचला. त्याचे चार भाग आणि प्रत्येक भागात दहा, असे एकूण चाळीस खंड आहेत. पुढे त्याचेच सार त्यांनी कीमिया-ए-सआदत या नावाने फारसीत, म्हणजे त्यांच्या मुलखातील साध्या माणसांना समजेल अशा भाषेत लिहिले. नमाज-रोजाचे नियम सांगणारी पुस्तके पुष्कळ होती. गझालींनी त्यापुढे जाऊन माणसाच्या मनात राग, मत्सर, दिखाऊपणा, गर्व हे कसे शिरतात आणि कसे घालवावेत, हे एखाद्या हकिमाच्या शिस्तीने मांडले.

स्वभाव बदलत नाही, जन्माबरोबर येतो तो मरणाबरोबर जातो, असे आपण सहज म्हणतो. गझालींना हे मुळीच मान्य नाही. ते विचारतात, जनावर माणसाळते, शिकारी कुत्रा भूक लागली असता शिकार न खाता धन्यापुढे आणून ठेवतो, मग माणूसच का बदलू नये? राग मुळासकट उपटून टाका असे ते सांगत नाहीत. तो उपटता येत नाही आणि उपटूही नये. कुत्र्याला शिकवितात तसा तो अकलेच्या हुकमात आणावयाचा. उपाय एकच, सराव. चांगले अक्षर यावे असे ज्याला वाटते तो आधी चांगल्या हाताची नक्कल करतो, हात दुखतो, कंटाळा येतो. पण एक दिवस तेच अक्षर त्याच्या हातून आपोआप उतरू लागते. उदार व्हावयाचे असेल तर मन नको म्हणत असतानाही देत राहावे. एका बुजुर्गाने स्वतःला सहनशीलता शिकविण्यासाठी लोकांसमोर आपल्याला शिव्या देणारा माणूस मजुरीवर ठेवला होता, आणि भित्रेपणा घालविण्यासाठी दुसरा एकजण ऐन हिवाळ्यात खवळलेल्या समुद्रात नाव घालीत असे, असे दाखले त्यांनी दिले आहेत. आपल्यातील पुष्कळांना शिव्या देणारा मजुरीने ठेवावा लागत नाही, तो घरात, कचेरीत किंवा शेजारी फुकटच मिळतो. त्याचा उपयोग करून घेणारे मात्र थोडे.

आपले दोष आपल्याला दिसत नाहीत, हे ते जाणून होते. ते पाहण्याचे चार मार्ग त्यांनी सांगितले. एक, जाणत्या गुरूपाशी बसणे. दुसरा, खरे बोलणारा मित्र. अंगरख्यात विंचू शिरला आहे असे कोणी सांगितले तर आपण त्याचे उपकार मानतो, पण मनात शिरलेला विंचू दाखविणाऱ्यावर मात्र चिडतो, हे कसे, असे ते विचारतात. तिसरा मार्ग शत्रूची जीभ. गोड बोलणाऱ्या मित्रापेक्षा डूख धरणारा शत्रू अधिक उपयोगी, कारण तो नेमके व्यंगावर बोट ठेवतो. चौथा, लोकांत मिसळणे आणि दुसऱ्यात जे खुपते ते आपल्यात आहे का हे तपासणे.

गीबत, म्हणजे पाठीमागे केलेली निंदा, यावर त्यांनी लिहिले आहे ते वाचताना आपण आपल्याच दिवाणखान्यात बसलो आहोत असे वाटते. निंदा केवळ जिभेने होत नाही. कोणाच्या लंगडण्याची नक्कल केली, डोळा मोडला, बोटाने उंची दाखविली तरी ती निंदाच. तिची सर्वांत वाईट जात धर्मशील माणसांत आढळते. कोणाचे नाव निघाले की हे सद्गृहस्थ उसासा सोडतात आणि अल्लाहने आपल्याला तशा गोष्टींपासून वाचविले म्हणून शुक्र मानतात. तोंडात दुआ, आत निंदा, वर स्वतःची स्तुती. आणि जो डोळे विस्फारून ऐकतो, खरेच की काय म्हणून बोलणाऱ्याला चढवितो, तोही त्या पापात भागीदार आहे. मात्र जुलूम झाला असता न्यायाधीशापुढे तक्रार करणे, किंवा लग्न अथवा भागीदारी ठरत असताना विचारणाऱ्याला सावध करणे, ही निंदा नव्हे, असेही त्यांनी स्पष्ट केले. गप्प राहणे हा नेहमीच सद्गुण नसतो.

यापुढे ते आणखी खोल जातात. जीभ गप्प असली तरी मन निंदा करीत असते. कोणाविषयी पुराव्यावाचून वाईट मत बांधणे ही मनाची गीबत. मनात शंका येऊन गेली तर दोष नाही. पण ती घर करून राहिली आणि त्या माणसाविषयीची आपुलकी आटली, की समजावे, दोष घडला. एखाद्या भल्या माणसाने येऊन दुसऱ्याविषयी काही वाईट सांगितले तर काय करावे? विश्वास ठेवावा तर एकाविषयी वाईट कल्पना होते, खोटा म्हणावा तर सांगणाऱ्याविषयी होते. म्हणून मत राखून ठेवावे, पूर्वी त्या माणसाशी जसे वागत होतो तसेच वागावे. इतक्या बारकाईने या प्रश्नाचा विचार केलेला दुसरीकडे क्वचितच सापडेल. ज्याच्याविषयी शंका येते त्याच्यासाठी मुद्दाम दुआ करावी आणि त्याचा मान अधिक ठेवावा, हा त्यावरील त्यांचा उतारा. आणि चूक खरीच असेल तर एकान्तात सांगावी. सांगताना आपल्याला उपदेश करण्याची संधी मिळाली याचा आनंद होत असेल तर आपलीच तब्येत तपासावी.

पालकांसाठी त्यांनी मुलांच्या वळणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. मूल ही आईबापांपाशी ठेवलेली ठेव आहे, त्याचे मन कोऱ्या रत्नासारखे असते, असे ते मानतात. मुलाने चांगले केले तर चारचौघांत कौतुक करावे. एकदा चुकले, आणि ते स्वतःच लपवू पाहत असले, तर न पाहिल्यासारखे करावे, त्याचा पडदा फाडू नये. पुन्हा चुकले तर एकान्तात समज द्यावी. उठल्याबसल्या बोलू नये. सतत बोलणी खाणाऱ्या मुलाला बोलण्याची लाज उरत नाही. मदरशातून आल्यावर त्याला खेळू द्यावे. खेळ बंद करून सारखे पुस्तकाला जुंपले तर मन मरते, बुद्धी बोथट होते आणि मूल पळवाटा शोधू लागते. हे नऊशे वर्षांपूर्वी लिहिलेले आहे. शाळा सुटली की शिकवणी आणि शिकवणी सुटली की घरचा अभ्यास, असे वेळापत्रक आखणाऱ्या आईबापांनी ते भिंतीवर लावावे. बापाच्या संपत्तीचा, कपड्यांचा, अगदी पाटी-दौतीचासुद्धा तोरा इतर मुलांपुढे मिरविण्यास मुलाला मनाई असावी, असे ते बजावतात. दौतीच्या जागी आज काय काय आले आहे ते आपण जाणताच.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बगदादेत असताना गझालींनी तत्त्वज्ञांच्या विरोधात जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटी तीन मतांवरून त्यांनी त्यांना काफिर ठरविले. सूर कठोर होता. ते मत त्यांनी मागे घेतले नाही. पण नंतरच्या काळात लिहिलेल्या एका पुस्तकात मात्र, कोणालाही घाईने काफिर म्हणू नये, शक्य तेथवर जीभ आवरावी, असा त्यांचा आग्रह आहे. इतकेच नव्हे, तर दूरच्या मुलखातील ज्या लोकांपर्यंत इस्लामचा संदेश पोहोचलाच नाही किंवा विपरीत स्वरूपात पोहोचला, त्यांच्यावरही अल्लाहची रहमत होईल असे त्यांनी लिहिले.

१०९९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी बैतुल मुकद्दस जिंकले आणि तेथे मोठी कत्तल झाली. जेथे आपण इबादत केली त्या शहरावरील या आघाताविषयी त्यांच्या ग्रंथांत काही आढळत नाही, हे आजच्या वाचकाला खटकते, आणि खटकावे. त्यांनी उद्धृत केलेल्या काही हदीस कच्च्या आहेत, असेही पुढील आलिमांनी दाखवून दिले. थोर माणसाचे थोरपण मान्य करूनही हे बोलता येते.

११०६ मध्ये निजामुल्मुल्कच्या मुलाने, फख्रुल्मुल्कने, आग्रह केला म्हणून गझालींनी नैशापूर येथे पुन्हा शिकविण्यास सुरुवात केली. तेव्हा अब्दुल गाफिर त्यांना वारंवार भेटले. पूर्वीचा ताठा ठाऊक असल्यामुळे ही नम्रता म्हणजे पांघरलेले सोंग असावे अशी त्यांना शंका होती. त्यांनी बारकाईने पारख केली. अखेरीस त्यांना कबूल करावे लागले की आपण समजत होतो त्याच्या उलट आहे. हा माणूस खरोखर बदलला आहे. पंधरा वर्षांत स्वभाव बदलल्याचा असा साक्षीदार इतिहासात विरळाच.

सुलतान संजरला त्यांनी फारसीत पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. स्वतःसाठी त्यांनी त्यात एवढेच मागितले की मला अध्यापनाच्या सक्तीतून मोकळे करा. बाकी रदबदली तूसच्या रयतेसाठी आहे. थंडीने व दुष्काळाने पिके बुडाली आहेत, जुनी झाडे वाळून गेली आहेत, लोक जुलमाने पिचले आहेत, त्यांच्यावर दया करा, असे त्यांनी बेधडक लिहिले. पुढे बगदादच्या त्याच निजामियात परत या असे बोलावणे आले. तूसमध्ये शिकत असलेले विद्यार्थी आणि कुटुंब यांना सोडून येणार नाही, असे त्यांनी कळविले.

तूसमध्ये घराजवळ त्यांनी एक मदरसा आणि सूफींसाठी एक खानकाह चालविली. दूर स्पेनमध्ये ११०९ च्या सुमारास कोर्डोव्हा येथे काही फकीहांच्या सांगण्यावरून त्यांचा इह्या ग्रंथ जाहीरपणे जाळण्यात आला. तेव्हा ते हयात होते. ज्यांनी तो जाळला त्यांचे राज्य पुढे चाळीस वर्षांच्या आत लयाला गेले; इह्या मात्र आजही मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत शिकविला जातो, आणि आपल्याकडे उर्दू भाषांतरांच्या रूपाने अनेक घरांत आढळतो.

१८ डिसेंबर ११११ (हिजरी ५०५) रोजी, सोमवारी, त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न. अखेरची हकीकत भाऊ अहमदने सांगितली आहे. पहाटे त्यांनी वजू केला, नमाज पढली आणि आपले कफन मागविले. ते हाती घेऊन चुंबिले, डोळ्यांना लावले, आणि बोलावणे आले आहे, येतो, असे म्हणून किब्ल्याकडे तोंड करून पाय लांब केले. दिवस उजाडण्यापूर्वी ते गेले होते. तूसच्याच मातीत त्यांना दफन करण्यात आले. मागे मुली होत्या. फकिरी पत्करून बगदादला परतले तेव्हा अंगावर होते त्या कपड्यांची किंमत लोकांनी केली होती, ती पंधरा किरात भरली. म्हणजे एक दीनारही नव्हे.